उंच पाट

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहायला धजते. येत असतं तर हे कागद मी चुलीत घातले असते, नाहीतर लिहिलेच नसते.

कागद तुमच्याच पेटीतले आहेत. कुस्त्यांच्या मैदानांच्या जाहिराती तुम्ही घड्या घालून लंगोटांच्या खाली ठेवत होतात, त्या. एका बाजूला छापलेलं आहे, दुसरी बाजू कोरी. लढाईच्या दिवसांत कागदाचा तुकडा मिळत नव्हता तेव्हाही तुम्ही मला त्यातली एक दिली नाहीत. "आगं, पैलवानांची नावं हायती त्येच्यावर," म्हणालात. आता विचारायला कोणी नाही. सगळ्यांत वर होती ती घेतली. तिच्यावर दौलूचं नाव आहे, आणि त्याच्यापुढे, वस्तादांचा पठ्ठा म्हणून, तुमचं. ही जाहिरात तुम्ही माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली होतीत. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम त्याचं नाव गाळलं. तुम्ही लगेच म्हणालात, "एक राह्यलं."

कोरेगावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

तेराव्यापर्यंत माणसं येऊन गेली. ओट्यावर बसली, तंबाखू मळली, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, पोरगं पारखावं तर वस्तादांनी. काय नजर होती! हाडं बघून सांगायचे, हा किती वाढेल, कुठवर जाईल. मी दाराच्या आड पदर घेऊन ऐकत होते. त्या नजरेतली अर्धी दाराआड बसली आहे हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

मी जन्मात एक कुस्ती पाहिलेली नाही. बाईमाणसानं तालमीची पायरी चढायची नाही, मैदानाकडे फिरकायचं नाही. तीस वर्षं बदाम वाटले, ताक घुसळून हौद्याच्या मातीत घालायला पाठवलं, पण माणूस माणसाला पाठीवर पाडतो म्हणजे नेमकं काय करतो, ते मला आजही कळत नाही. पण परगावची पोरं आपल्या घरी जेवायची. ती मी पाहत होते. नवं पोर आलं की आठ दिवस जाऊ द्यायचात. मग एका संध्याकाळी परड्यातल्या दगडावर पाय धुताना, माझ्याकडे पाठ करून, विचारायचात, "काय म्हणतीस?"

तोंडाकडे कोणी बघत असलं की माझा शब्द घशात अडकतो. लग्न झालं त्या वर्षीच तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. नुसती पाठ केलीत. त्या पाठीशी मी पुष्कळ बोलले. एक गोरं, देखणं पोर आलं होतं, सगळी तालीम त्याच्यावर खूश. मी भांडी घासता घासता म्हणाले, "जेवताना शेजाऱ्याच्या ताटात बगतो. आपलं सोडून दुसऱ्याचं किती ते बगतो." महिन्याभरात ते पोर भांडण करून गेलं. गणू आला तेव्हा एवढासा होता, तुम्ही त्याला परत पाठवणार होतात. मी म्हणाले, "कढी सांडली तर हसला, आन् बोटानं पुसून खाल्ली. ऱ्हाऊ दे त्येला." गणू आज पोरांना डाव शिकवतो.

तुम्ही कधी बरं म्हणाला नाहीत. पाय धुऊन झाले की तांब्या दगडावर उपडा ठेवायचात. म्हणजे कळलं. बाहेर लोक तुमच्या नजरेचं नाव घ्यायचे आणि मला आत बसून बरं वाटायचं. घर तालमीचं होतं, म्हैस तालमीची होती, तुम्ही तर तालमीचेच होतात. एवढी एक पाठ काय ती माझी होती.

मग तुम्ही दौलूला आणलंत.

कोरेगावच्या जत्रेला निघालात तेव्हा मी सांगितलं होतं, माझ्या भावाकडे जाऊन या, दोन वर्षं तिकडची खबर नाही. परत आलात ते अंगणातूनच ओरडत, "आगं ए, भाईर ये! बघ तरी काय आणलंय!" मला अशी हाक तुम्ही आधी कधी मारली नव्हती. भावानं काही पाठवलं असेल म्हणून मी हात पुसत दारात आले. बैलगाडीच्या मागच्या बाजूनं दोन पाय बाहेर लोंबत होते. मग त्या पायांवर अठरा-एकोणीस वर्षांचं एक पोरगं उभं राहिलं, आणि उभं राहतच राहिलं. आत येताना वाकलं, तरी दाराच्या वरच्या पट्टीवर कपाळ असं आपटलं की कौलातली माती खाली आली.

"लागलं का रं?" तुम्ही विचारलंत.

"न्हाई वस्ताद. चौकटीला लागलं आसंल."

तुम्ही हसलात. केवढे हसलात! भावाकडे गेलाच नव्हतात. विसरलात म्हणून सांगताना तुम्हाला वाईटही वाटलं नाही.

आठ दिवसांनी त्याचा बाप त्याला न्यायला आला. लढाई चालू होती, गावोगाव भरतीची माणसं फिरत होती.

"आवं वस्ताद, ह्याची उंची बगून सायबानं मापाची पट्टी खाली ठिवली," बाप म्हणाला. "उद्या ये म्हणाला. पगार हाय, कापड हाय. आमच्या आळीतली तिगं निगाल्यात. तुमी ह्याचं काय करणार?"

"तीन वर्सं द्या मला."

"तीन वर्सांनी काय?"

"ह्या मुलखात ह्याला पाडणारा गावायचा न्हाई."

"आन् न्हाई झाला तर?"

तुम्ही स्वयंपाकघराकडे पाहिलंत. मला वाटलं, चहा पाहिजे. मी आधण ठेवलं. तुम्ही म्हणालात, "हुनार नसंल तर मला आदीच कळंल. कळलं की त्याच दिशी गाडीत घालून तुमच्या दारात आणून सोडतो. शबूद हाय."

बाप एकटाच परत गेला.

त्यानंतर आपल्या घरात काय काय झालं ते मी सांगते, कारण तुम्हाला ते दिसलंच नसेल. तुम्ही सुतळी घेऊन त्याचं मनगट, घोटा, मान मापलीत, गाठी मारल्यात, आणि ती सुतळी देवाच्या कोनाड्यात ठेवलीत. दर पौर्णिमेला काढायचात. गाठ पुढे सरकली की सगळ्या घराला सांगायचात, "हाड आजून वाडतंय." एकदा शेवग्याच्या शेंगा बांधायला मी ती सुतळी घेतली, तर माझ्यावर ओरडलात. एवढ्या वर्षांत माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. सुतार बोलावून दाराची पट्टी वीतभर वर घेतलीत. मी दहा वर्षं सांगत होते, चुलीवर एक धुराडं काढून द्या, डोळे जातील माझे. सुतार आला, चौकट उंच करून गेला. स्वयंपाकघराकडे त्याला कोणी बोलावलंच नाही. संध्याकाळी तुम्ही त्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसायचात. माझ्या पायांना भेगा पडून रक्त येत होतं त्या थंडीत. तुम्ही त्या कधी पाहिल्या का?

दौलू वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता. न सांगता आडावरून पाणी आणायचा, दोन्ही खांद्यांवर घागरी. ताट स्वतः घासायचा. माझ्या भावाचं घर त्याला माहीत होतं, तिथल्या चिंचेखाली तो लहानपणी खेळला होता, हे मला तुमच्याकडून नाही, त्याच्याकडून कळलं. म्हणून तर जास्त राग यायचा.

बदाम पुरवणारे आण्णा व्यापारी एकदा ओट्यावर तुम्हाला म्हणाले, "वस्ताद, लय उंच माणूस वाकत न्हाई. तुमी उगं भुलला." तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आतून ऐकलं. "आण्णा, उंच पोराला सगळी उभं बगत्यात. म्या पडताना बगितलं. मोट्या अंगाच्या पोराला ल्हानपणी कुणी पाडलेलं नसतं. त्यामुळं पडायचं म्हणलं की त्यो आदीच ताठतो, आन् ताठला की मोडतो. ह्याला आदी पडायला शिकवाय पायजे. डाव मागनं." त्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. लेकीचं लग्न ठरवतानासुद्धा नाही.

आणि खरंच सहा महिने तुम्ही गणूकडून त्याला रोज पाडून घेतलंत. गणू जेवायला यायचा तो छाती काढून.

"काकी, आज ताड पाडला. तीनदा."

"पाडला खरा," दौलू म्हणायचा, "पर ताड पडताना खालच्या शेळीला जरा बाजूला हो म्हणलं हुतं. ऐकलंच न्हाई काकी शेळीनं. इचारा तिला, बरगड्या कशा हायत्या."

मी पदराआड हसायची. हसल्याचाही राग यायचा.

आठ दिवस झाले तेव्हा तुम्ही मला विचारलंत. पण पाठ करून नाही. पाय धुता धुता वळलात, माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काय म्हणतीस?" तुमच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच होतं. मला नुसतं त्याला हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बगू की."

नंतर किती वेळा विचारलंत. दर वेळी वळून. दर वेळी मी, "बगू की."

पहिल्या वर्षीच्या थंडीत मी ते पाहिलं. जेवून उठताना दौलूनं डावा हात जमिनीला टेकला. नुसता टेकला नाही, त्याच्यावर भार दिला. रोज हजार बैठका मारणारं पोर पाटावरून उठताना जमिनीला हात लावतं? दुसऱ्या दिवशीही लावला. मग तो खांबाशेजारी बसायला लागला, म्हणजे उठताना धरता यावं. माझे वडील बाजारात बैल घ्यायचे तेव्हा आधी त्याला बसवायचे आणि मग उठवायचे. चालताना सगळेच चांगले चालतात, ते सांगायचे, दुखणं उठताना दिसतं. मी त्यांच्या मागे उभी राहून ते शिकले होते. दौलूचा डावा गुडघा आतून गेलेला होता.

त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तेल लावलेले तुमचे हात पाहिले.

"बगू की," म्हणाले.

लाज वाटली म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. थोडं खरं आहे ते. पण थोडंच. मला वाटलं, पारखलंय ना तुम्ही? मला न विचारता चौकट उंच केलीत ना? मग आता तुमची नजर बघू दे काय पाहते ती. एकदा तरी चुका. माझ्यावाचून चुका.

त्यानंतर महिनाभरातच तुम्ही पाट आणलात. चार बोटं उंच, जाड खुरांचा, शिसवी. जावई येतो तेव्हा त्यालाही साधाच पाट असतो आपल्या घरी. मी म्हणाले, "देवाला बसवायचाय का ह्याच्यावर?" तुम्ही म्हणालात, "उंच माणसाला खाली वाकून जेवाय तरास हुतोय." मी तो पाट दौलूपुढे मांडला तो आपटूनच. त्याच्यावरून तो हात न टेकता उठायला लागला. मला वाटलं, बरं झालं असेल. खरं सांगायचं तर मी बघायचंच सोडून दिलं. पाटाकडे पाहिलं की अंगाचा तिळपापड व्हायचा, मग पायाकडे कोण बघतो?

तीन वर्षं भरत आली तेव्हा सांगलीच्या अलीकडचं, आपल्या गावाखालच्या नदीच्या वाळवंटातलं मैदान ठरलं. वरच्या मुलखातला नावाजलेला पैलवान येणार होता. जाहिरात आली. चार वेळा वाचून घेतलीत.

त्या दुपारी मी परड्यात वाळवण राखत बसले होते. मैदान दिसत नव्हतं, पण हलगी ऐकू येत होती. मला कुस्तीतलं काही कळत नाही, पण हलगी कळते. ती वाढत गेली. माणसांचा गलका असा उठला की झाडावरची पाखरं उडाली. मी उभी राहिले. आणि काय सांगू तुम्हाला, त्या घटकेला मला वाटलं, जिंकू दे. आपल्याच चौकटीला कपाळ आपटलेलं पोर आहे, जिंकू दे. मग हलगी थांबली. एकदम नाही, दोन-तीन ठोके चुकत चुकत थांबली.

गणू पळत आला. "काकी, हळद काढा. तेल तापवा. वर आलता त्यो, काकी! खाली घेतलं हुतं त्या गड्याला. नुसतं उठून पाठीवर टाकायचा हुता. उठाय गेला आन् गुडगा बसला."

उठायला गेला.

दिवेलागणीला तुम्ही आलात. दगडावर उभे राहिलात, पाठ माझ्याकडे. मी घासलेलं पातेलं हातात धरून उभी होते. मला वाटलं, आता विचारतील. आता विचारलंत तर सगळं सांगते. तुम्ही पायांवर पाणी घेतलंत, पुष्कळ वेळ घेतलंत. विचारलं नाहीत. तांब्या उपडा ठेवलात.

मी समजले, यांना कळलं. मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही, हे यांना कळलं.

दौलूला गाडीत घालून तुम्ही कोरेगावला सोडून आलात. त्यानंतर दोन वर्षांत घरी जेवायला किती पोरं आली. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. मी दर आठवड्याला वाट पाहायची. भांडी घासून झाली तरी घासत बसायची. ती माझी शिक्षा आहे असं मी धरून चालले. आणि शिक्षा भोगतानाही मनात हेच, की त्या पोराच्या गुडघ्यासाठी माझ्याशी बोलणं टाकलंत. शेवटच्या तापात तुम्ही हाक मारलीत. मी उशाशीच होते, वाकले. तुम्ही म्हणालात, "दौलूला पाट दे." तीस वर्षं तुमच्या घरात काढली, आणि शेवटी तोंडात आलं ते त्याचं नाव.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दौलू आला. माणसं पांगली होती. पाय ओढत आला, हातात गुळाची ढेप. दारात वाकला. चौकट उंच आहे तरी वाकला. थोडा वेळ ओट्यावर तुमच्या जागेशेजारी बसला, जागेवर नाही. मी भाकरी टाकायला घेतल्या तेव्हा आत आला, आणि भिंतीला लावलेला पाट आपणच काढून त्याच्यावर बसला.

"काकी, ह्यो आजून ठिवलाय व्हय?"

"त्यांनी हलवूच दिला न्हाई."

त्यानं पाटाच्या कडेवरून हात फिरवला. "आता सांगाय हरकत न्हाई. ह्यो पाट तुमच्यापासनं लपवाय केलता."

मी तव्यावरून हात काढला.

"पैल्याच वर्सी माजा गुडगा लचकला, काकी. वस्तादांना ठावं हुतं. म्हणून तर रोज तेल चोळायचं. म्या म्हणलं, काकीला सांगू या, शेक बिक देतील. तर म्हणलं, 'खुळा का काय? तिला सांगू नगं. तुज्या बाला म्या शबूद दिलाय, हुनार नसंल तर घरी पोचवीन म्हणून. आन् मला कळायचं म्हंजे तिच्याकडनंच कळायचं. तिनं एकदा न्हाई म्हणलं की मला तुला ठिवता येनार न्हाई. तिची नजर लय वाईट हाय.' तुमी मला उठताना बगता, हे त्येंच्या ध्यानात आलं, आन् दुसऱ्या दिशी सुताराकडं गेलं."

मी तव्यावर दुसरी भाकरी टाकली.

"मैदानाच्या आदल्या दिशी म्या म्हणलं, वस्ताद, दुकतंय. तर म्हणलं, 'तीन वर्सं इचारतोय म्या तिला. त्वांड बगून इचारतोय. पाट आसला म्हणून काय, तिला कळल्याबिगर ऱ्हातंय व्हय? आन् ती आजून न्हाई म्हणलेली न्हाई. म्हंजे दुकणं तेवढं न्हाई. जा, लड.'" दौलू भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून होता. "म्हणून लडलो."

म्हणजे तुम्ही वळून बघत होतात ते याच्यासाठी. उत्तर तुमच्याकडे नव्हतंच. तुम्ही माझ्या तोंडावर ते शोधत होतात. चौकटीच्या वर, सुतळीच्या वर, आण्णांच्या बदामांच्या वर माझा शब्द ठेवला होता तुम्ही, आणि मला तो हातभर अंतरावरूनही दिसला नाही. आणि तरी राग आला मला. त्याच क्षणी आला. लपवलंत ते त्याच्याबरोबर मिळून. तुम्हा दोघांचं एक गुपित होतं, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर मांडलेलं, आणि मी रोज ते पुसून ठेवत होते.

मी चुलीकडे तोंड केलं. दौलूकडे पाठ.

"दौलू, मला दिसलं हुतं."

"काय?"

"गुडगा. पाट यायच्या आदी. तू हात टेकून उठायचास, खांब धरायचास."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उचलली नाही.

"मग बोलला का न्हाई?"

"मला तुजा राग यायचा."

"माजा? म्या काय केलतं वो काकी?"

"काय न्हाई. तुज्यासाटी चौकट उंच केली. मला धा वर्सं धुराडं दिलं न्हाई."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"तवा बोलला असता तर भरतीला गेलो असतो. दोन पाय नीट आसतं आज."

"व्हय."

हातातला तुकडा ताटात ठेवून तो म्हणाला, "आमच्या आळीतली तिगं गेली. दोगं आली." ते मला सोडवायला म्हणाला की नुसतं आठवलं म्हणून, ते कळलं नाही. ताटात हात धुतला. पाटाला हात टेकून उठला आणि बाहेर गेला. ओढता पाय अंगण ओलांडून गेलेला मी ऐकला. गेला, असं समजून मी करपलेली भाकरी म्हशीसाठी बाजूला काढली.

तो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात तालमीतली पहार होती आणि दुसऱ्या हातात ताक घुसळायच्या फुटक्या डेऱ्याचं तोंड. उंच पाट त्यानं चुलीशेजारी मांडला. चांगला पाय आधी वर घेतला, मग दुखरा, आणि त्याच्यावर उभा राहिला. डोकं कौलांना लागत होतं.

"बाजूला व्हा काकी, माती पडंल."

दोन कौलं वर सरकली. तीस वर्षांची काजळी पडली, माझ्यावर, पिठावर, त्याच्या मुंडाशावर. मग ऊन आलं. सरळ चुलीवर आलं. त्यानं डेऱ्याचं तोंड भोकात बसवलं, कडेनं माती लिंपली. मी खाली उभी राहून मळलेली माती त्याच्या हातात देत होते. उतरताना त्यानं हात माझ्या खांद्यावर टेकला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. केवढं ओझं! ते ओझं तुम्ही रोज मांडीवर घेत होतात.

निघताना तो म्हणाला, "मला राग आलाय काकी."

"येऊ दे."

"माती वाळली की भेगा पडत्यात. चार-आठ दिवसांनी पुन्ना लिंपाय यीन मी."

ते झालं आज पाच दिवस. धूर आता घरात राहत नाही. डोळ्यांना पाणी येतं ते कशानं, हे सांगायला मला आता धुराचं निमित्त उरलेलं नाही. चुलीसमोर बसलं की हा कागद वाचता येतो एवढा उजेड आहे, आणि तो उजेडही तुम्ही नाही, त्यानंच दिला. हे मला अजून टोचतं. लिहून ठेवते, कारण खोटं लिहून तुमच्याशी काय बोलायचं?

दोन वर्षं तुम्ही मला विचारलं नाहीत. मी शिक्षा समजत होते. आता वाटतं, तुम्ही माझ्या नजरेवर सोडलेलं ते पोर मोडलं, आणि ती नजर चुकली असं तुम्ही समजलात. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही विचारायचं सोडलंत. तांब्या तेवढ्यासाठी उपडा ठेवलात. असंच असेल. तुम्ही तसेच होतात. आणि ती चुकली नव्हती, हे सांगायची सोय मी स्वतःच ठेवली नाही.

आता तुम्ही पाठ केली आहे. बोलायला सोपं आहे. विचारा एकदा, काय म्हणतीस.

पोरगं चांगलं होतं. मलाच बघवलं नाही.